आईंचा मेणाचा पाय

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात नवस म्हणजे फार तर सत्यनारायण. त्यामुळे सासूबाई म्हणाल्या, "मला मोत माउलीला पाय वाहायचाय," तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मोत माउली म्हणजे वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चमधली मारिया माता, आणि पाय म्हणजे नवसाचा, मेणाचा. नवस मुळात त्यांचा नव्हता. तीन वर्षांपूर्वी आईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, तेव्हा पार्ल्याच्या मावशींनी तो परस्पर बोलून टाकला होता. मावशी गेल्या आणि नवस आईंच्या अंगावर आला. "गेलेल्या माणसाचं देणं ठेवू नये," यापुढे काही ऐकून घ्यायला त्या तयार नव्हत्या.

मला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. माझ्यासोबत शिकवणाऱ्या एक बाई वसईच्या, कॅथलिक, घरी मराठीच बोलतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, 8 सप्टेंबर हा मारिया मातेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा, तेव्हा नवा गुडघा घेऊन तिकडे फिरकूही नका. साधा बुधवार धरा. माहीम तिथून जवळच आहे, आणि तिथल्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी दिवसभर नोव्हेना, म्हणजे मातेची सामूहिक प्रार्थना असते, मराठीतूनसुद्धा. शिवाय मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना चालू असेल तर खुशाल बसा, पण कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या रांगेत उभ्या राहू नका, तो आपल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नसतो. हे आधीच कळलं ते बरं झालं. प्रसादाची रांग दिसली आणि आई तिच्यात शिरल्या नाहीत, असं माझ्या लग्नापासून घडलेलं नाही.

बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी एक सांगते. तिकिटावर 'वांद्रे टर्मिनस' दिसलं म्हणून वांद्र्याला पोचलो असं समजू नका. लोकलचं वांद्रे स्टेशन वेगळं आहे आणि मधली पायपीट दुखऱ्या गुडघ्याला परवडणारी नाही. आम्ही पहाटे बोरिवलीला उतरलो, धीम्या लोकलने वांद्र्याला आलो आणि पश्चिमेला बाहेर पडून थेट टेकडीवर रिक्षा केली.

चर्चबाहेर मेणाच्या वस्तूंचे स्टॉल आहेत. हात, पाय, बाळं, घरं, हृदयं, एक विमानसुद्धा! सगळं फिकट पिवळं, साच्यातून काढलेलं. पायाला बोटं आहेत, नखांच्या जागी बारीक रेघा आहेत. घोट्याच्या वर सपाट कापलेला, बाहुलीच्या मोडक्या पायासारखा. मी रिक्षावाल्याचे पैसे देत होते, तेवढ्यात मागून ऐकू आलं, "माँजी, दायाँ या बायाँ?" त्यावर आई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी पोचले तेव्हा त्या पिशवीचं तोंड बांधत होत्या आणि झेंडूचा हार निवडत होत्या.

आताची इमारत 1904ची आहे. दारात आईंनी चपला काढल्या. बाकी सगळे चपला-बुटांसकट आत जात होते, हे दाखवून दिलं तर म्हणाल्या, "त्यांची रीत त्यांच्यापाशी." मी दोन्ही चपला पिशवीत घालून मागे मागे. वेदीवर माउली, जरीच्या झग्यात. 1700 साली अरबी चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला होता, असं सांगतात. मी ते आईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाय वाहिला, तोंडाने अथर्वशीर्ष पुटपुटत. माउलीने चालवून घेतलं असावं.

आता वाहनाचं. वांद्र्याची रिक्षा माहीमला जात नाही. खाडी ओलांडली की रिक्षांना बंदी, टॅक्सीच लागते. तीही बुधवारी माहीमच्या दिशेने मुंगीच्या पावलाने सरकते. त्या खोळंब्यात मी मोबाइलवर वाचत बसले, आणि जे कळलं ते आईंना सांगावं की नाही ते ठरेना. 1739 मध्ये मराठ्यांच्या स्वारीत टेकडीवरचं चर्च उद्ध्वस्त झालं. मातेची प्रतिमा माहीमच्या याच सेंट मायकलमध्ये आणून ठेवली, ती 1761 पर्यंत तिथेच होती. आमचं घराणं गायकवाडांच्या चाकरीतलं. घरात मराठी फौजांच्या गोष्टी सांगताना सगळ्यांची छाती फुगते. शेवटी सांगितलं. आई म्हणाल्या, "म्हणजे हेही देणंच की आपलं," आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

नोव्हेना 8 सप्टेंबर 1948 पासून चालू आहे. नेमाने करणारे लागोपाठ नऊ बुधवार येतात. आम्हाला मराठीची वेळ साधली. बडोद्यात दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती. इथे परक्या देवळात शे-दीडशे माणसं एका सुरात मराठीत प्रार्थना करत होती. आईंना शब्द येत नव्हते, तरी ओठ हलत होते.

समोर नित्य साहाय्य करणाऱ्या मातेचं चित्र. सोनेरी पार्श्वभूमी, दोन देवदूत, त्यांच्या हातात क्रूस आणि भाला. ते बघून दचकलेलं बाळ धावत आईला बिलगलंय, दोन्ही हातांनी तिचा हात धरलाय, आणि गडबडीत एका पायातली चप्पल सुटून नुसती लोंबतेय. कोणी सांगितलं नसतं तर ती माझ्या लक्षात आली नसती. आईंनी मात्र कोपराने ढोसलं. "बघ, त्याचीही निघाली. माझ्या आण इकडे."

परतीच्या गाडीत थेपल्यांचा डबा काढायला त्यांची पिशवी उघडली, तर तळाशी कागदात गुंडाळलेला आणखी एक मेणाचा पाय. डावा.

"तोही दुखायला लागलाय," आई म्हणाल्या. "ऑपरेशन झालं की वाहू. आधीच दिला तर माउली म्हणेल, बाईला घाई फार. मेण काही नासत नाही."

नासत नाही, पण बडोद्याच्या मे महिन्यात वितळतं. सध्या तो पाय आमच्या फ्रीजमध्ये भाजीच्या खणात आहे, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी.