आमची वाटचाल : रूटचा पासवर्ड आणि आम्ही

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, गिरगाव-दादरच्या ऑफिसांत कॉम्प्युटर जोडून द्यायचे, अशी आमच्या धंद्याची सुरुवात झाली. पुढे त्याच गिऱ्हाइकांना फाईल सर्व्हर, म्हणजे सगळ्या ऑफिसच्या फाईली एका जागी ठेवणारी मशीन, हवे झाले. सीए, छापखाने, पॅथॉलॉजी लॅब. लायसन्सचा खर्च नको म्हणून त्यांना लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. देखभालीचे वार्षिक करार त्यातून आले, आणि आमच्या मुलांचे पगार आजही त्यातूनच निघतात.

पण आमच्या कामाला वळण लावलं ते परळच्या एका छापखान्यानं. बाहेरच्या माणसानं तिथे बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. ते झकास चालत होतं. संध्याकाळी बॅकअप लावायला बसलो तर सुडो चालेना. सुडो म्हणजे रूटचा, लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार तेवढ्यापुरता मिळवून देणारी आज्ञा. स्क्रीनवर तक्रार एवढीच, की सुडोअर्स फाईलमध्ये कुणालाही लिहिता येतंय. त्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉलर स्क्रिप्ट, म्हणजे ते बसवणाऱ्या आज्ञांची फाईल, उघडून पाहिली. सिस्टिमच्या सेटिंग्ज असलेल्या अख्ख्या ईटीसी फोल्डरवर सरसकट ७७७ मारलेलं, म्हणजे कुणीही वाचा, लिहा, चालवा!

सुडोचं बरोबरच आहे. प्रशासक कोण हे जी फाईल ठरवते, ती कुणीही बदलू शकत असेल तर तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? तिची परवानगी ४४० हवी, म्हणजे मालक आणि त्याच्या गटानं फक्त वाचायचं; आणि मालक रूट हवा. त्यात उबंटूवर, म्हणजे तिथे बसवलेल्या लिनक्सच्या प्रकारात, रूटचा पासवर्ड मुळात बंद असतो, म्हणजे थेट रूट म्हणून आत शिरून दुरुस्ती करता येत नाही. मशीन दुरुस्तीसाठीच्या रिकव्हरी मोडमध्ये चालू केलं, डिस्क लिहिण्याजोगी जोडून (माउंट करून) घेतली, ४४० परत दिलं. सुडो आलं. पण पासवर्डांची शॅडो फाईल सगळ्यांना उघडी, आणि दुरून सुरक्षितपणे मशीनवर येऊ देणाऱ्या एसएसएचच्या खासगी किल्ल्याही (ओळख पटवणाऱ्या गुप्त फाईली) उघड्या पडल्यामुळे एसएसएच त्या वापरायलाच तयार नाही. रेडहॅटच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये आरपीएमला, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाला, मूळ परवानग्या परत लावायला सांगता येतं. इथे मात्र धडधाकट मशीन शेजारी ठेवून एकेक फाईल ताडत रात्र गेली.

नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्येही हे होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत एनपीएम या जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाची ५.७.० आवृत्ती सुडोनं चालवली की सिस्टिम फोल्डरांची मालकीच बदलून टाकायची, लगोलग ५.७.१ काढावी लागली. फाईलचा मालक बदलला की लिनक्स तिचा सेटयूआयडी बिटही (कुणीही चालवलं तरी प्रोग्राम मालकाच्या अधिकारानं चालू देणारी खूण) काढून घेतं, आणि सुडोचा जीव त्या बिटातच असतो.

त्या रात्रीनंतर आमच्या करारात एक कलम आलं: स्क्रिप्ट वाचल्याशिवाय रूटचा अधिकार कुणालाही मिळणार नाही. आधी चाचणीच्या मशीनवर चालवतो, आधीच्या आणि नंतरच्या परवानग्यांची यादी काढून फरक बघतो. काही विक्रेते यावर चिडतात. गिऱ्हाईकही विचारतं, "अहो, पाच मिनिटांचं काम, एवढा वेळ का?" आम्ही यादी उघडून दाखवतो.

मध्यंतरी एका विक्रेत्याला आम्ही स्पष्ट नकार दिला. बरीच वादावादी झाली. शेवटी त्यानं फक्त स्वतःच्या फोल्डरपुरती परवानगी मागणारी नवी स्क्रिप्ट लिहून पाठवली. आता त्याच्या सगळ्याच गिऱ्हाइकांकडे तीच जाते.