ग्रिल असताना वर तवा कशाला?

परदेशातल्या मराठी घरांतून उन्हाळा लागला की हे दोन प्रश्न हमखास येतात. मागच्या डेकवर गॅसचा ग्रिल आहे, मग त्याच्या जाळीवर परत बिडाचा तवा कशाला? आणि ठेवला तरी सुरमई चिकटतेच, ती का?

पहिल्याचं उत्तर रव्यात आहे. रवा लावलेली तुकडी जाळीवर टाकली की अर्धा रवा सळ्यांना धरतो, उरलेला बर्नरवर गळतो. मटणाची चरबी ठिबकते, भडका उडतो आणि चॉपवर काजळी बसते. तव्यावर तुकडी सगळीकडून टेकते, म्हणून सलग खरपूस होते. वास आणि धूरही बाहेरच राहतो. फोडणीलासुद्धा किंचाळणारा स्मोक अलार्म गप्प बसतो.

चिकटण्याचं खापर मात्र तव्यावर फोडू नका. तो नीट तेल पाजलेला असेल, तर दोष बहुतेक वेळा ओलीचा असतो. फ्रोजन सुरमईवर बर्फाचा पातळ थर असतो. तो घाईने नळाखाली धरून घालवला की मासा पाणी धरून बसतो. तुकड्या रात्रभर फ्रिजमध्ये, चाळणीत ठेवून सुटू द्या. मीठ, हळद, कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं. ते पेपर टॉवेलने टिपा, आणि मगच तिखट, आलं-लसणाचं वाटण पातळसं चोळा. हा मधला टिपण्याचा टप्पा बहुतेक जण गाळतात. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग धरायला साधारण 140 तरी लागतात. तेवढ्या वेळात मासा आतून शिजून मऊ पडतो आणि उलटताना तुटतो. रवा आणि तांदळाचं पीठ अगदी तव्यावर टाकताना लावा. आधी लावून ठेवलं तर त्याचा चिखल होतो.

आता ताव. बीड उष्णता धरून ठेवतं खरं, पण पसरवतं हळू. मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापवलात तर बर्नरच्या वरचा भाग करपतो आणि कडा थंड राहतात. मध्यम आचेवर, ग्रिलचं झाकण लावून, पंधरा मिनिटं द्या. मध्ये एकदा तवा फिरवा. झाकणावरचा काटा आतल्या हवेचं तापमान सांगतो, तव्याचं नाही. त्यापेक्षा कोरड्या तव्यावर पाण्याचा थेंब टाका. तो जागीच चर्र करून आटला, तर मसाल्याच्या माशाला ताव बरोबर. मोत्यासारखा गोल होऊन धावायला लागला, तर तो ताव मटणाचा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर माशाला 180-190, मटणाला 240 च्या आसपास. या दोन तावांची गल्लत केली की मासा बाहेरून काळा होतो, कारण लाल तिखट आणि लसूण फार सोसत नाहीत.

तेल शेंगदाण्याचं रिफाइंड, दोन तुकड्यांना एक मोठा चमचा. खोबरेल लवकर धुरावतं. वासासाठी हवंच असेल तर शेवटी कडेने चमचाभर सोडा. दोन सेंटिमीटर जाड तुकडी पहिल्या बाजूला चार मिनिटं, दुसऱ्या बाजूला तीन. पहिली दोन मिनिटं उलथनं हातातच घेऊ नका. कवच धरलं की तुकडी आपण होऊन सुटते. अडली, तर अजून मिनिटभर थांबा. तळताना ग्रिलचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर कोंडलेल्या वाफेने रवा मऊ पडतो.

लॅम्ब चॉपला दह्याचं मॅरिनेशन लावून या तावावर टाकू नका; दही आधी करपतं. फक्त मीठ लावून फ्रिजमध्ये उघडे ठेवा, प्रत्येक बाजूला तीन-तीन मिनिटं द्या, आणि आत 63 अंश झाले की उतरवून तीन मिनिटं राहू द्या. गरम मसाला तुपात कालवून वरून लावा.

तव्याची मूठ तव्याइतकीच तापते, तेव्हा चामड्याचा हातमोजा हवा. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. कोमट झाला की गरम पाण्याने धुवा, बर्नरवर कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा. वास थोडा राहतोच, म्हणून घावनांचा तवा वेगळा ठेवा.