थंडी, गिझर आणि शंभराच्या पुढची युनिटं

निफाड तालुक्यात राहणाऱ्यांना थंडीचं कौतुक कोणी सांगू नये. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की निफाडचं नाव पेपरात झळकतं आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून "मजा आहे बुवा तुमची" म्हणतात. इकडे द्राक्षवाले मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसलेले असतात आणि घरोघरी पहाटे पाचला गिझर सुरू होतो. घर तापवण्याचा खर्च आपल्याकडे नाही. हिवाळ्याचं वाढीव बिल तयार होतं ते न्हाणीघरात.

आम्ही घरात पाच माणसं: सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. एरवी महिन्याचा वापर शंभर युनिटांच्या आतबाहेर. २०२४ च्या डिसेंबरचं बिल आलं तेव्हा युनिटं जवळजवळ दुप्पट झाली होती, पण रक्कम अडीचपट! ह्यांचं म्हणणं, मीटर पळतोय, तक्रार करू. मी म्हटलं, आधी बिल तर वाचू.

बिलात वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन आकार, विद्युत शुल्क अशी लांबलचक वरात असते. आपल्या कामाचे त्यातले दोन-तीनच आकडे. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं ४ रुपये ७१ पैशांनी होती आणि १०१ ते ३०० या टप्प्यातली १० रुपये २९ पैशांनी. त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि सगळ्यावर १६ टक्के विद्युत शुल्क. म्हणजे शंभराच्या आतलं युनिट पावणेसात-सात रुपयांना आणि शंभराच्या पुढचं सव्वातेरा रुपयांना. आमची जास्तीची पंच्याण्णव युनिटं सगळीच्या सगळी महागाच्या टप्प्यात पडली होती. साडेबाराशे रुपये तिथेच गेले.

तरी मीटरवरचा संशय काही जाईना. मग एका रविवारी फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं आणि एकटा गिझर लावला. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, त्याच्याशेजारी इम्पल्सचा आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२००, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. गिझर दोन हजार वॅटचा, म्हणजे तासाला दोन युनिटं, तेव्हा मिनिटाला शंभराच्या थोडं वर लुकलुकायला हवं. धाकटा मोबाईलवर वेळ लावून मोठमोठ्याने मोजत बसला, मोठा त्याच्या चुका काढत बसला. हिशेब बरोबर निघाला. मीटर ठणठणीत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पुढचं गणित घरच्यांना ऐकावंच लागलं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटात असतात ८६० किलोकॅलरी. शाळेचा थर्मामीटर आणून पहाटे टाकीच्या पाण्यात बुडवला तर १३ अंश! अंघोळीला पाणी लागतं ४२ च्या आसपास. वीस लिटरची बादली २९ अंशांनी तापवायची म्हणजे पाऊण युनिटाला थोडं कमी. पाच बादल्यांची साडेतीन युनिटं धरा. महिन्याला शंभर! डिसेंबरच्या बिलाचा सगळा उलगडा इथेच झाला.

खरी वाट दाखवली ती सासूबाईंनी, तीही सहज बोलता बोलता. "आमच्या लहानपणी थंडीत विहिरीवरच अंघोळी करायचो, पाणी कोमट असायचं," असं त्या म्हणाल्या. जमिनीखालचं पाणी ऋतूबरोबर फारसं बदलत नाही, हे मला माहीत होतं. पण आपण आपलं बोअरचं पाणी संध्याकाळी गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवतो आणि रात्रभर उघड्या आभाळाखाली गार करून मग सव्वातेरा रुपये युनिटाने पुन्हा तापवतो, हे काही कधी डोक्यात आलं नव्हतं. बोअरचं पाणी मोजलं, २५ अंश भरलं. तेवढ्यावर बादलीमागचं काम २९ अंशांवरून १७ वर आलं. साडेतीनची दोन युनिटं.

मग मोटार लावायची वेळ बदलली. संध्याकाळऐवजी पहाटे, गिझरच्या आधी. मोटारीचा खर्च तोच राहिला, कारण पाणी कधी ना कधी चढवायचंच असतं. अडचण एकच. रात्री टाकी जवळजवळ रिकामी व्हायला हवी, नाहीतर ताजं पाणी शिळ्या गार पाण्यात मिसळतं आणि सगळं मुसळ केरात. त्यामुळे रात्री भांडी घासताना नळ फुरफुरला की आमच्याकडे कुरकुर सुरू व्हायची. शेवटी स्वयंपाकघरात एक कळशी आणि दोन बादल्या भरून ठेवायला लागलो. मुलांचा शॉवर संक्रांतीपर्यंत बंद केला, त्यावरून आठवडाभर तोंडं फुगली होती.

शेजारचे नाना मात्र गॅस गिझर घ्याच म्हणून मागे लागले होते. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅस गिझर त्यातली ऐंशी टक्के जरी पाण्याला देत असला, तरी तेव्हाच्या आठशे रुपयांच्या सिलिंडरमध्ये युनिट साडेपाच-सहा रुपयांना पडत होतं. विजेच्या निम्म्याहूनही कमी. ह्यांचा तर बेत पक्काच झाला होता. पण आता रोज दोनच युनिटं लागत होती, म्हणजे वाचणार महिन्याला साडेचारशे-पाचशे रुपये, तेही हिवाळ्याचे तीन-चार महिने. यंत्र, पाइप, बसवणावळ वसूल व्हायलाच तीन हिवाळे गेले असते. आणि आमचं न्हाणीघर पडलं लहान, थंडीत खिडकी घट्ट लावलेली. कोंडलेल्या हवेत गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, माणूस आत कोसळला तरी बाहेर पत्ता लागत नाही. गॅस गिझर बसवायचाच तर तो बाहेर, परसदारी, मोकळ्या हवेत. न्हाणीघरात मी तो बसवू देणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. नाना अजून नाराज आहेत.

माळ्यावरून बंब खाली आला तो या सगळ्या गोंधळात. तळाशी गळत होता, नाशिकला तांबटाकडून झाळून आणला. द्राक्षबागेच्या छाटणीच्या वाळलेल्या काड्या आमच्याकडे ढिगाने पडलेल्या असतात, सरपणाला पैसा पडत नाही. चार काड्या, एक गोवरी, आणि वीस-पंचवीस मिनिटांत तोटीतून वाफाळतं पाणी. सासूबाई खूश. मी तितकीशी नाही, कारण बागेवर वर्षभर किती फवारण्या होतात ते आम्हाला ठाऊक आहे आणि तो धूर नाकातोंडात जावा असं मला वाटत नाही. तेव्हा बंब अंगणातच, आणि पेटवताना मुलांनी लांब राहायचं. सासूबाईंचं आणि ह्यांचं पाणी त्यावर निघतं, गिझर उरला तिघांपुरता.

फेब्रुवारीत आलेल्या बिलात युनिटं दीडशेच्या खाली होती. पहिले दहा-बारा दिवस जुन्याच पद्धतीत गेले होते, हे धरलं तर बरंच. त्यापुढच्या बिलात आम्ही शंभराच्या जरा पुढे होतो.

आता गच्चीवर सोलर बसवायचं मनात आहे. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. आम्हाला एक-दीड किलोवॅट पुरेल. घोडं अडलंय ते जोडणीपाशी, ती अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे आणि त्यांना जाऊन वर्षं झाली. आधी नाव बदलून घ्यायचं, मग पुढचा अर्ज. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, वारसांचं संमतिपत्र असे कागद फाईलला लावून ठेवलेत. नणंदेची सही तेवढी बाकी आहे, ती मुलांच्या परीक्षा झाल्या की माहेरी येईल तेव्हा होईल.