पर्समधलं पत्र

डॉक्टरांचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. बेरोजगारी भत्त्याची सुनावणी फोनवर होती, पर्स शेजारच्या खुर्चीवर होती, आणि ते पत्र आधीच पाठवायला हवं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. पुढचं दीड वर्ष या एका चुकीपायी गेलं.

न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या एका गोदामात मी पॅकिंगला होते. खोकी उचलून उचलून खांदा गेला. सुपरवायझरला दोनदा म्हटलं, मला टेबलावरचं लेबलं लावायचं काम द्या. "बघू," म्हणाला. बघितलं नाही. शेवटी नोकरी सोडली आणि बेरोजगारी भत्त्याचा अर्ज केला. इथे हा भत्ता जास्तीत जास्त 26 आठवडे मिळतो. पण नोकरी स्वतःहून सोडली असेल, तर कारण कामाशीच निगडित होतं हे सोडणाऱ्यानं सिद्ध करायचं. कारण तब्येतीचं असेल तर डॉक्टरांचा दाखला हवाच.

अर्ज नामंजूर. मग फोनवर सुनावणी, जेमतेम वीस मिनिटं. मी खांद्याचं सांगितलं, लेबलांचंही सांगितलं. निकाल आला: वैद्यकीय पुरावा नाही, सबब अपात्र. अशा निकालांवरची अपिलं ऐकणाऱ्या वरच्या मंडळानंही तोच कायम केला.

ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, भाजी घेताना भेटेल तो सांगे, सोडून दे. मंडळाच्या अंतिम निर्णयाविरुद्ध राज्याच्या अपील कोर्टात जायला 45 दिवस मिळतात. मी 41व्या दिवशी ट्रेंटनला, राज्याच्या राजधानीत, कोर्टाकडे कागद पाठवले. वकील परवडणारा नव्हता. लेखी म्हणणं मीच लिहिलं, तीस पानं. त्यात खांदा, घरभाडं, मुलीची फी, सुपरवायझरचा तोरा, सगळं होतं, आणि शेवटी ते पत्र जोडलेलं. आता बघतील, असं वाटलं होतं.

मंडळातर्फे राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयातला वकील उभा राहतो. त्याचं पहिलं म्हणणं एवढंच: हे पत्र खालच्या सुनावणीच्या नोंदीत नाही, कोर्टानं विचारात घेऊ नये.

माझे मामा साताऱ्यात दिवाणी वकिली करतात. रात्री त्यांना फोन लावला, तिकडे सकाळचा चहा चालला होता.

"मामा, पत्र खरं आहे, तारीखही तेव्हाचीच आहे. मग बघायला त्यांचं काय जातं?"

"अगं, खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. खाली दिलं होतंस का? नाही ना? आमच्याकडे तरी काय वेगळं आहे! अपिलात नवा कागद घालायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41 नियम 27 खाली अर्ज करा, आधी का दिला नाही ते सांगा. पर्समध्ये राहिला, हे कारण कुठलंच कोर्ट ऐकत नाही."

"मग करू काय?"

"सुनावणीचा शब्दशः उतारा आलाय ना? तो घे, निकाल घे, शेजारी शेजारी ठेव. तू बोललीस आणि निकालात आलंच नाही, असं काय आहे ते शोध. आणि ती मुलीची फी काढून टाक."

फीचं मला लागलं, पण ऐकलं. उतारा वाचायला दोन रात्री गेल्या. चौदाव्या पानावर माझंच वाक्य सापडलं: हलकं काम दोनदा मागितलं, दिलं नाही. इथला नियम असा की दुखणं कामामुळे वाढत असेल आणि झेपेल असं दुसरं काम नोकरीच्या ठिकाणी उपलब्ध नसेल, तर माणूस अपात्र ठरत नाही. म्हणजे कळीचा मुद्दा हाच. आणि निकालात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं!

मग कोर्टाची परवानगी मागून म्हणणं नव्यानं लिहिलं. तीस पानांची सहा झाली. एव्हाना मला कळलं होतं की अपील कोर्ट 'आम्ही असतो तर काय ठरवलं असतं' असं विचारतच नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये ब्रेडी खटल्यात, बेरोजगारी भत्त्याच्याच प्रकरणात, हे स्पष्ट केलंय. सरकारी खात्यानं (माझ्या बाबतीत त्या मंडळानं) काढलेल्या निष्कर्षाला पुरेसा विश्वसनीय आधार असेल, तर न्यायाधीशांना स्वतःला वेगळं वाटलं तरी तो मान्य करायचा. निर्णय मनमानी, लहरी किंवा अवाजवी असेल तरच हात घालायचा. कायद्याचा अर्थ मात्र खातं लावेल तोच, असं कोर्टावर बंधन नसतं. कनिष्ठ न्यायालयाच्या निकालालाही साधारण हाच न्याय: घटनांबाबत, साक्षीदार ज्यानं डोळ्यांनी पाहिला त्याला मान द्यायचा, कायदा स्वतः तपासायचा. (माझा खांदा फोनवर कुणी पाहिला होता, हे मला अजून कळलेलं नाही.)

तोंडी युक्तिवाद झालाच नाही. कागदांवरच दोन न्यायाधीशांनी निर्णय दिला, खाली कुणा एकाचं नाव नाही. वर लिहिलेलं 'प्रसिद्धीसाठी नाही', आणि तोच निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर जगाला खुला. शेजारच्या काकूंनी माझ्याआधी वाचला.

माझ्या लाडक्या पत्राला एक तळटीप मिळाली: नोंदीत नाही, विचारात घेतलं नाही. त्याखालच्या परिच्छेदात मात्र चौदावं पान होतं. हलकं काम मागितलं होतं का, उपलब्ध होतं का, याबद्दल खाली काहीच ठरवलेलं नाही, म्हणून प्रकरण परत. नवी सुनावणी घ्या, दोन्ही बाजूंना पुरावा देऊ द्या.

"म्हणजे जिंकलीस का?" नवऱ्यानं विचारलं.

"परत खाली पाठवलंय."

"मग पेढे आणायचे की नाही?"

आणले नाहीत. या वेळी पत्र तीन आठवडे आधी पाठवलं, पोचलं का म्हणून दोनदा फोन केला. सुनावणीच्या दिवशी अधिकारी बाईंनी सुरुवातीलाच आलेल्या कागदांची यादी वाचून दाखवली. तिसरं नाव माझ्या डॉक्टरांचं होतं.