अडली ती तपकिरी मादी

फुलपाखराची नोंद, म्हणजे कुठली जात कुठे दिसली ते फोटोसह तपासणाऱ्यांना कळवणं, दोन मिनिटांत होतं असं सांगणाऱ्यांनी बहुधा फक्त नरांच्याच नोंदी केल्या असाव्यात.

इंग्लंडात सरे परगण्यात डॉर्किंगजवळ डेन्बीज हिलसाइड हा खडूच्या मातीचा उतार आहे. ऑगस्टात तिथे चॉकहिल ब्लू आणि अ‍ॅडोनिस ब्लू या निळ्या फुलपाखरांच्या दोन जाती एकाच वेळी उडतात. चॉकहिलचा नर फिकट, चंदेरी. अ‍ॅडोनिसचा नर डोळे दिपवणारा निळा. दोघांच्याही नोंदी बिनबोभाट मंजूर झाल्या.

मादी मात्र अडकली. दोन्ही जातींच्या माद्या तपकिरी, दोघींच्या पंखांच्या पांढऱ्या झालरीवर काळ्या रेघा. मी अ‍ॅडोनिस लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा आला, ‘फोटो अपुरा.’ काय दिसलं म्हणजे पुरेल, असं विचारलं, तर उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तर ‘जात निश्चित करता येत नाही.’ अहो, तेच तर विचारतोय! सातबाऱ्यावर नाव चढवायला एवढा त्रास होत नसेल. माझा फोटो पंख मिटलेल्या मादीचा होता, आणि हवी असलेली खूण पंखांच्या वरच्या बाजूला असते, एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत होती?

खूण शेवटी मीच शोधली. मागच्या पंखाच्या कडेला ठिपक्यांची ओळ असते. ठिपक्यांच्या बाहेरच्या बाजूला निळे खवले असले तर अ‍ॅडोनिस, पांढरे असले तर चॉकहिल. सकाळी लवकर जा. अंग तापवायला मादी पंख उघडून बसते. दुपारी नुसती पळापळ होते. दोघींच्याही अळ्या हॉर्सशू व्हेच ही एकच वनस्पती खातात, त्यामुळे तिची पिवळी फुलं उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच हेरून ठेवा आणि गवत आखूड असेल तिथेच थांबा. १९५०च्या दशकात रोगाने ससे मेले, गवत माजलं आणि अ‍ॅडोनिस कितीतरी ठिकाणांहून गेलं. म्हणून तर एकेका नोंदीसाठी भांडावंसं वाटतं.

मग उघड्या पंखांचा नवा फोटो काढला. मोठा करून पाहिला, तर काठावर निळी भुकटी स्पष्ट! नोंद त्याच संध्याकाळी मंजूर. आधीच्या शेऱ्याबद्दल अर्थात चकार शब्द नाही.

एवढी कटकट नको असेल तर मे अखेरीला जा. अ‍ॅडोनिसची पहिली पिढी तेव्हा उडते. चॉकहिल जुलैआधी सहसा दिसत नाही. कॉमन ब्लू या आणखी एका निळ्या जातीची मादी तेव्हा असते, पण तिच्या झालरीवर रेघा नसतात. त्यामुळे झालरीचा फोटो स्पष्ट आला तरी भागतं.