मृग लागला, पण तिफण थांबवा

आज निलंग्याच्या बाजारात जिकडंतिकडं पावसाच्याच गप्पा. बियाण्याच्या दुकानासमोर उभ्या उभ्या मोबाईलवर या आठवड्याचा अंदाज वाचला: दुपारनंतर विजांचा कडकडाट, ताशी 30 ते 40 किलोमीटर वारा, हलका ते मध्यम पाऊस. म्हणजे वरची माती भिजणार, पेरणीजोगी ओल होईलच असं नाही. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतो.

शेजारचे तात्या ऐकतील तर शपथ. "तुझ्या मोबाईलला काय कळतंय रं? पंचांगात औंदा मृगाचं वाहन बेडूक हाय, म्हंजी पाऊस भरपूर!"

बेडूक असू द्या तात्या, दुबार पेरणीची बॅग तो देणार नाही.

मला खरी धास्ती विजेची आहे. उकाडा वाढला की चारच्या सुमाराला ढग चढतात आणि माणसं नेमकी झाडाखाली पळतात. म्हणून तात्यांच्या फोनात 'दामिनी' ॲप टाकून दिलं; 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजेचा इशारा देतं. (ते मात्र त्यांना लगेच आवडलं.)

तोवर घरच्या बियाण्याची उगवण तपासून घ्या. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळायचे. 70 किंवा जास्त उगवले तर बिनधास्त वापरा.