तुम्ही विचारलंत म्हणून: जमीन पुरेल का सगळ्यांना?

मी औसा तालुक्यातला, शेती करतो, त्यामुळं पुण्या-मुंबईचे पाव्हणे आले की हा प्रश्न ठरलेला. माणसं 800 कोटींच्या वर गेली, आता जमीन पुरणार का?

आज तरी पुरते. जगात पिकाखालची जमीन साधारण 150-160 कोटी हेक्टर आहे, चराऊ कुरणं सोडून, म्हणजे माणशी वीस गुंठ्याच्या आसपास. आमच्याकडं वीस गुंठे कोरडवाहू रानात पाऊस बरा झाला तर अडीच क्विंटल जवारी होते, कडबा वेगळा, एका माणसाला वर्षभर भाकरीला होऊन उरते. आणि जगाचं धान्य बघितलं तर वर्षाला 280 कोटी टनांच्या घरात, माणशी साडेतीन क्विंटल! एवढं कोण खातं?

तरीपण 2024 मध्ये 67 कोटी लोक उपाशी होते असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. कारण धान्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जनावरं-कोंबड्यांच्या खाद्याला जातो, काही गाड्यांच्या इंधनाला, आणि उरलेलं ज्याच्या खिशात पैसा त्याच्याकडं जातं.

आमच्याच शिवारात बघा. आधी जवारी, मधी तुरीचे तास, मूग, उडीद असायचं, आता खरिपात जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. त्याचं तेल निघतं 18-20 टक्के, बाकीची बहुतेक पेंड कोंबडीखाद्याला. आता यात शेतकऱ्याला नावं ठेवू नका, जवारी काढायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, पाखरं राखायची ती वेगळीच, आणि सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यात आडतीवर जाऊन हातात पैसा देतं, मग त्याच पैशातून घरची बाई दुकानातून किलोच्या भावानं जवारी आणती. भाव पडला की पहिला हात आखडतो तो किराण्यावर.

बहात्तरच्या दुष्काळात आमची आज्जी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मिलो म्हणजे परदेशातली लाल जवारी आली, सुकडी म्हणजे तयार कोरडा खाऊ वाटला, पण घर तगलं ते कामाच्या रोजावर असं ती सांगायची, रोज मिळाला म्हणून तर धान्य विकत घेता आलं. रोजगार हमी तिथूनच उभी राहिली, 1977 ला त्याचा कायदा झाला.

मला काळजी आहे ती वेगळीच. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात नदीकाठची कितीतरी रानं खरडून गेली, पीक तर गेलंच पण वरची काळी मातीच गेली, खाली मुरूम उघडा पडला. पीक पुढच्या साली येतं, माती इंचभर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. तलावातला गाळ आणून टाकता येतो पण ट्रॅक्टर, डिझेल, सगळा खर्च आधीच कर्जात असलेल्या माणसानं करायचा. म्हणून जमीन किती आहे हे विचारताना ती राखायला शेतकऱ्याकडं पैसा उरतो का तेही विचारा. सध्या आमच्याकडं तरी उरत नाही.